राज्य गेलं, पाकशास्त्र राहिलं!

मेसच्या भाजीवर आपण जेवढं बोलतो तेवढं सिलॅबसवरही बोलत नाही! पण चांगली भाजी कशी केली, हे कधी कुणी लिहून ठेवतं का? स्वयंपाकघरातली विद्यासुद्धा ग्रंथालयात जपून ठेवणाऱ्या एका राजाची आज ओळख करून घेऊया. हे राजे म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तमिळ मुलखात तंजावरला आपलं राज्य स्थापन केलं. याच भोसले घराण्यात २४ सप्टेंबर १७७७ रोजी सरफोजींचा जन्म झाला. तुळजाजीराजांना वारस नव्हता. १७८७ साली त्यांनी सरफोजींना दत्तक घेतलं आणि थोड्याच दिवसांत ते वारले. मुलगा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा. गादीवर बसला चुलता अमरसिंह! या पोरक्या मुलाच्या पाठीशी उभा राहिला श्वार्ट्झ नावाचा जर्मन मिशनरी. १७९३ साली सरफोजींना सुरक्षिततेसाठी मद्रासला हलवलं गेलं. तिथे इंग्रजी आणि पाश्चात्त्य शास्त्रांचं शिक्षण झालं. अखेर १७९८ मध्ये त्यांना गादी मिळाली.

पण पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने तह करून राज्याचा कारभार काढून घेतला. राजांकडे उरला किल्ला, आसपासचा थोडा भाग आणि वर्षासन. वय अवघं बावीस! म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलाएवढं. दुसरा कुणी असता तर नाचगाण्यात आयुष्य घालवलं असतं. सरफोजींनी काय केलं? अभ्यास!

त्यांनी देवनागरी छापखाना काढला. इसापनीतीच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. धन्वंतरी महाल उभारून औषधांवर संशोधन करवलं. डोळ्यांच्या रोग्यांची केस पेपरसारखी नोंद ठेवली, तीही चित्रांसकट. १८२० साली ते मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाले आणि नुसतं पुण्य नाही, तर हस्तलिखितंही गोळा करून आले.

हे सगळं जिथे जमा झालं ते सरस्वती महाल ग्रंथालय. सुरुवात नायक राजांच्या काळातली, पण त्याला खरं वैभव दिलं सरफोजींनी. ताडपत्रं, मोडी कागद, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्या, युरोपातून मागवलेली पुस्तकं... कित्येक पुस्तकांवर राजांची स्वतःची सही आहे. आणि याच खजिन्यात आहे मराठीतलं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’! शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. त्यात शाकाहारी पदार्थ आहेत, तसे मांसाहारीही.

या घराण्याला ही आवड जुनीच होती. एकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ पंडितांनी सतराव्या शतकात ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात अन्नाचे गुणदोष आहेत आणि चक्क जिलबीची कृतीही आहे!

आता कुणी म्हणेल, वेद-वैद्यकाच्या शेजारी स्वयंपाकाची पोथी कशाला? पण विचार करा. आजीच्या हातची चव आजीबरोबरच जाते, कारण तिचं सगळं माप ‘अंदाजाने’ असतं. मूठभर, चिमूटभर. मोठ्या लढाया बखरीत येतात, पण त्या दिवशी काय शिजलं होतं ते कुणी लिहीत नाही. शेकडो मैल दूर, तमिळ मुलखात राहणाऱ्या मराठी माणसांनी काय खाल्लं, हे आज आपल्याला कळतं, कारण कुणीतरी ते लिहिलं आणि कुणीतरी ते सांभाळलं.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे गेले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्यच खालसा केलं. ग्रंथालय मात्र टिकलं. १९१८ साली ते सर्वांसाठी खुलं झालं. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ तर पुढे छापूनही निघालं.

आपण इंजिनिअर लोक डॉक्युमेंटेशनला कंटाळतो. जर्नल लिहायचं ते फक्त सबमिशनसाठी! पण हातातली सत्ता गेलेल्या या राजाने जे लिहून जपलं, तेच शेवटी उरलं. तेव्हा या सुट्टीत घरी गेलात की एक काम करा. आजीजवळ वही-पेन घेऊन बसा आणि आमटीपासून सुरुवात करा!