विश्लेषण : मूळ पोथी हरवली, तरी लीळाचरित्र टिकले कसे? म्हाइंभटांची पद्धत गोसीखुर्दच्या गावांना आज का उपयोगी?

गोसीखुर्द धरणामुळे वैनगंगेकाठची भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे उठली. घर, शेत, विहीर यांची नोंद सरकारी कागदावर झाली. गावाच्या आठवणी मात्र जुन्या माणसांच्या डोक्यातच राहिल्या. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी म्हाइंभट नावाच्या एका पंडितापुढे असाच प्रश्न उभा होता. त्यांनी शोधलेल्या उत्तरातून मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ तयार झाला.

कोण होते म्हाइंभट?

म्हाइंभट हे गोदावरीकाठच्या सराळे गावचे. संस्कृत शास्त्रांत पारंगत आणि घरचे श्रीमंत. विद्येचा त्यांना मोठा ताठा होता, असे महानुभाव परंपरा सांगते. डोमेग्राम येथे त्यांची महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी यांच्याशी भेट झाली. वादासाठी आलेला हा पंडित पुढे अनुयायी झाला.

१२७० च्या दशकात चक्रधर शिष्यांना सोडून निघून गेले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिलेला नव्हता. शिष्य अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला, चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्याकडे जमले. पंथाची धुरा सांभाळणारे नागदेवाचार्य तिथे स्वामींच्या आठवणी मनात घोळवत असत. या आठवणी म्हणजेच लीळा. ही माणसे गेली की लीळाही जातील, हा धोका म्हाइंभटांनी ओळखला आणि लिहायला बसले.

आठवणी गोळा कशा केल्या?

आधी नागदेवाचार्यांनी सांगायचे आणि म्हाइंभटांनी लिहायचे, असा क्रम होता. पण एका माणसाच्या आठवणीवर ते थांबले नाहीत. जी लीळा ज्याच्यासमोर घडली, त्याला गाठून त्यांनी ती विचारली. महदाइसेसारख्या स्त्री शिष्यांच्या आठवणीही त्यात आल्या. दोघांचे सांगणे जुळले नाही, तर दुसऱ्याचा वेगळा तपशीलही नोंदवला. अशा पाठभेदाला पंथात वासना म्हणतात.

दुसरी गोष्ट भाषेची. म्हाइंभटांना संस्कृतात लिहिणे सहज जमले असते. पण स्वामी मराठीत बोलले होते आणि ऐकणाऱ्यांनी ते मराठीतच लक्षात ठेवले होते. सामान्य स्त्री-पुरुषांना कळावे म्हणून मराठीतच लिहा, हा नागदेवाचार्यांचाही आग्रह होता. त्यामुळे साध्या माणसांचे बोलणे, रुसवे-फुगवे, खाणेपिणे असे सारे ग्रंथात उतरले. लीळाचरित्र इ.स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झाले, असे मानतात. गोविंदप्रभूंचे चरित्रही म्हाइंभटांनी याच रीतीने लिहिले.

पोथी हरवल्यावर काय झाले?

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीवर दिल्लीच्या फौजा आल्या. त्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. मग ज्यांना लीळा पाठ होत्या, त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या आणि लिहिल्या. हिराइसा या स्त्रीची स्मरणशक्ती यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. तिच्या नावाचा पाठ आजही अभ्यासक वापरतात. परशरामबास, रामेश्वरबास यांचेही पाठ आहेत. हे पाठ एकमेकांशी शब्दशः जुळत नाहीत.

मानसशास्त्र याबद्दल काय सांगते?

स्मरण म्हणजे मोबाइलमधला व्हिडिओ नव्हे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने पुन्हा सांगायला लावली. कथा आखूड होत गेली. अनोळखी गोष्टींच्या जागी ओळखीच्या गोष्टी आल्या. म्हणजे आठवताना मन प्रसंग नव्याने जुळवते. खोटे बोलण्याचा हेतू नसतानाही तपशील बदलतो.

एंडेल टल्विंग यांनी १९७० च्या दशकात दुसरी बाजू दाखवली. गोष्ट लक्षात राहताना जे संदर्भ सोबत होते, ते पुन्हा मिळाले तर हरवल्यासारखी वाटणारी आठवणही परत येते. जागा, माणूस, शब्द हे असे धागे असतात.

म्हाइंभटांना हे सिद्धांत ठाऊक असणे शक्य नव्हते. पण एकाच प्रसंगाचे अनेक साक्षीदार विचारल्याने बदललेला तपशील उघडा पडतो. लीळा गावानुसार आणि मुक्कामानुसार लावल्याने आठवणीला धागा मिळतो. पाठभेद ठेवल्याने वाचकाला स्वतः पडताळता येते.

गोसीखुर्दशी संबंध काय?

चक्रधरांच्या भ्रमंतीत भंडारा येते. तिथले नीळभट्ट हे त्यांचे शिष्य ग्रंथात भांडारेकार या नावाने ओळखले जातात. साडेसातशे वर्षांपूर्वीचे भंडारा आपल्याला भेटते ते कोणीतरी विचारले आणि लिहून ठेवले म्हणून.

बुडित क्षेत्रातल्या गावांबाबत अडचण मोठी आहे. आठवण जागवणारी जागाच पाण्याखाली आहे. नदीचा घाट, पार, देऊळ, बाजाराची वाट आता दाखवता येत नाही. नव्या वस्तीत जन्मलेल्या मुलांनी जुने गाव पाहिलेलेच नाही. अशा वेळी गाव कसे होते, असा मोघम प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही. आधी जुन्या गावाचा नकाशा कागदावर काढून घ्यावा. मग घरामागून घर, वाटेमागून वाट विचारत जावे. एकच प्रसंग दोन-तीन जणांकडून ऐकावा आणि न जुळणारे तपशील खोडू नयेत. सांगणाऱ्याची झाडीबोली प्रमाण मराठीत सुधारून न घेता तशीच ठेवावी. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी.

फोनवरचे रेकॉर्डिंगही चालेल, पण त्याची प्रत दुसरीकडे हवी. लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, तरी ग्रंथ वाचला. कारण लीळा अनेकांना पाठ होत्या. उठलेल्या गावांच्या आठवणी अजून अनेकांपर्यंत पोहोचलेल्या नाहीत आणि त्या सांगू शकणारी पिढी आता म्हातारी झाली आहे.