स्वतःचे पुस्तक मिटून ठेवणारा रब्बी

थोर पुरुषांनी काय मिळविले याची गणती आपण नेहमी करतो. त्यांनी काय सोडले, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मला रब्बी आयझॅक मेयर वाइज यांच्याविषयी आदर वाटतो, तो मात्र त्यांनी जे सोडले त्यामुळे.

वाइज यांचा जन्म 1819 साली बोहेमियातील एका खेड्यात झाला. 1846 मध्ये पत्नी व लहानग्या मुलीसह ते अमेरिकेस गेले आणि ऑल्बनी शहरी रब्बी म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू झाले. निरनिराळ्या देशांतून आलेले ज्यू तेथे आपापल्या प्रार्थनेचे प्रघात घेऊन आले होते. उपासना लांबलचक आणि हिब्रू भाषेत. नव्या पिढीला तिचा अर्थ कळेना. वाइज सुधारणा करू लागले, तसे विश्वस्त बिथरले. 1850 च्या रोश हशानाला, म्हणजे आपल्या कोकणातील बेने इस्रायल ज्याला नव्याचा सण म्हणत त्या दिवशी, वाइज धर्मग्रंथाची गुंडाळी काढावयास गेले असता खुद्द अध्यक्षांनीच त्यांच्यावर हात उगारला. सिनेगॉगमध्ये मारामारी जुंपली!

1854 मध्ये ते सिनसिनाटीस गेले. तेथे 1857 साली त्यांचे ‘मिनहाग अमेरिका’ हे प्रार्थनापुस्तक निघाले. मिनहाग म्हणजे प्रघात. साऱ्या अमेरिकेतील ज्यूंनी एकाच पुस्तकातून प्रार्थना करावी, ही आकांक्षा त्या नावातच होती. हिब्रू त्यांनी ठेवली. परंतु जेरुसलेमला परतण्याची व पशुयज्ञ पुन्हा सुरू होण्याची याचना गाळली. नववर्ष आणि प्रायश्चित्ताचा योम किप्पुर या महापर्वांचा खंड 1866 मध्ये आला. पश्चिमेकडील व दक्षिणेकडील पुष्कळ सिनेगॉगांनी हे पुस्तक स्वीकारले. सनातन्यांना मात्र ते पाखंड वाटले, तर बाल्टिमोरच्या डेव्हिड आइनहॉर्न यांना ही सुधारणा अपुरी वाटली. त्यांनी 1858 साली आपले वेगळे पुस्तक काढले.

पुढे वाइज यांनी 1873 मध्ये सिनेगॉगांचा संघ, 1875 मध्ये हिब्रू युनियन कॉलेज आणि 1889 मध्ये रब्बींची मध्यवर्ती परिषद उभारली. याच परिषदेने सर्वांसाठी एक प्रार्थनापुस्तक करावयाचे ठरविले. 1894 साली त्याचा महापर्वांचा खंड प्रसिद्ध झाला. त्याची घडण वाइज यांच्यापेक्षा आइनहॉर्न यांच्या पुस्तकाला अधिक जवळची होती. परिषदेचे अध्यक्ष स्वतः वाइज होते. वय पंचाहत्तर, शब्दाला वजन. त्यांनी हट्ट धरला असता तर एकीचा हा प्रयत्न तेथेच मोडला असता. पण सदतीस वर्षे जपलेले आपले पुस्तक त्यांनी आपल्याच सिनेगॉगमधून आपण होऊन मागे घेतले व नवे हाती धरले. 1900 मध्ये ते निवर्तले.

मला वाटते, आपला विचार मांडण्यास धैर्य लागते आणि ते तरुणपणी वाइज यांनी भर उत्सवात दाखविले. परंतु हेतू साधत असताना त्यावरचे आपले नाव पुसू देणे त्याहून अवघड आहे. सर्वांचे एक पुस्तक व्हावे ही त्यांची इच्छा बऱ्याच अंशी पुरी झाली. फक्त ते पुस्तक त्यांचे नव्हते.