चौंडीची लेक, होळकरांची सून

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा एका सुनेचे चरित्र लिहावे असे आमच्या मनाने घेतले. माहेर मागे टाकून परमुलुखात संसार मांडणे हे आपल्या मंडळातील भगिनींना सांगावयास नको. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांना जहागिरीत मिळाले. तेव्हाही देशावरची माणसे येथे अशीच बिऱ्हाडे घेऊन आली असतील. आम्ही निवडलेली सून मात्र दक्षिणेस न येता उत्तरेस गेली. तिचे नाव अहिल्याबाई होळकर. तिने बांधलेली मंदिरे व घाट आपण यात्रेच्या निमित्ताने पाहतो. पण एका खेडेगावच्या पाटलाची मुलगी सुभेदारांच्या वाड्यात कशी रुळली, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी नावाचे गाव आहे. तेथे माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्येचा जन्म झाला. मुलीला अक्षरओळख करून देण्याचा त्या काळी प्रघात नव्हता, तरी माणकोजींनी ती करून दिली असे सांगतात. मल्हारराव होळकरांचा तळ चौंडीला पडला असता देवळात आलेली ही मुलगी त्यांच्या नजरेस पडली आणि त्यांनी तिला आपल्या खंडेरावासाठी मागणी घातली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. आख्यायिकेचा भाग सोडला तरी १७३३ मध्ये हा विवाह झाला हे खरे. नवरीचे वय आठ वर्षांचे होते.

मुलगी राजघराण्यात पडली असे आपण म्हणतो, पण ते घराणे तरी किती जुने होते? मल्हारराव हे नीरेकाठच्या होळ गावच्या धनगराचे पोर. वडील लहानपणीच वारल्यामुळे ते खानदेशात तळोद्यास मामा भोजराज बारगळ यांच्या आश्रयाने वाढले, मामाचीच मुलगी गौतमाबाई त्यांनी केली आणि भाल्याच्या बळावर बाजीराव पेशव्यांच्या मर्जीस उतरून ते माळव्याचे सुभेदार झाले. म्हणजे सासराही या वैभवात नवाच. आम्हांस वाटते, अहिल्येचे भाग्य येथेच होते. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या दरबारात सुनेला रीत शिकवितात. येथे तिला काम शिकविले गेले.

गौतमाबाई ही त्या वाड्यातील खरी शाळा. १७३४ मध्ये पेशव्यांनी तिच्या नावे स्वतंत्र खासगी जहागीर करून दिली होती. त्यामुळे या घरातील बाईमाणसाच्या हाती स्वतःचे उत्पन्न, स्वतःचे कारकून आणि स्वतःचा जमाखर्च असे. वसूल कोठून किती यावा, शिलकीची रुजवात कशी घ्यावी, गडबड करणारा कामदार कसा ओळखावा, हे सून सासूच्या हाताखाली शिकली. सरकारी कचेरीत आमची तीस वर्षे गेली. हिशेबाला बसणारा अधिकारी आणि हिशेबावर नुसती सही करणारा अधिकारी यांतील अंतर आम्ही जाणतो. अहिल्याबाई पहिल्या प्रकारच्या होत्या.

१७४५ मध्ये मालेराव व १७४८ मध्ये मुक्ता अशी दोन अपत्ये झाली. खंडेरावांचे मन कारभारात फारसे रमत नसे. मल्हाररावांचा भार हळूहळू सुनेवरच पडू लागला. मग १७५४ चा कुंभेरीचा वेढा आला. सूरजमल जाटाच्या त्या किल्ल्यापुढे तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. एकोणतिसाव्या वर्षी अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. तेव्हा तो वृद्ध सरदार सुनेपुढे पदर पसरावा तसा उभा राहिला. आपला मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, अशी त्याने विनवणी केली. अहिल्याबाई थांबल्या. जनरीत, शास्त्र आणि लोकापवाद यांना बाजूस सारून एका सासऱ्याने आपली सून राखली, याहून मोठी कामगिरी मल्हाररावांच्या सगळ्या मोहिमांत आम्हांस दिसत नाही.

पुढे पानिपतचा घाव बसला, त्याच १७६१ साली गौतमाबाईही गेल्या. १७६५ च्या सुमारास मल्हाररावांनी सुनेस लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, मोठा तोफखाना तेथे ठेवावा, त्याच्या महिन्याभराच्या खर्चाची तरतूद करावी, वाटेवर चौक्या बसवाव्यात, असा त्यांतील मजकूर आहे. घरातील सुनेला लिहिलेली ही पत्रे एखाद्या सेनापतीला लिहावीत तशी आहेत, आणि आज्ञा पाळली जाईल की नाही याची शंका त्यांत कोठेही नाही.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले. मालेराव गादीवर आले, तेही वर्ष पुरते न होते तोच, १७६७ मध्ये वारले. आता वाड्यात उरली ती एकटी विधवा. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा सल्ला दिला, कारण अल्पवयीन दत्तकाच्या नावाने दौलत त्यांच्याच हाती राहिली असती; आणि तो सल्ला मानला जात नाहीसे पाहून त्यांनी राघोबादादांना पाचारण केले. दादा फौजेनिशी क्षिप्राकाठी आले. अहिल्याबाईंनी शिंदे, गायकवाड यांना साहाय्यार्थ पत्रे धाडली, स्त्रियांची तुकडी सज्ज केली, आणि बायकांना जिंकून कीर्ती नाही व हरल्यास तोंड दाखवावयास जागा नाही असा निरोप दादांना पाठविला, असे सांगतात. थोरल्या माधवरावांनी कौल बाईंच्या बाजूने दिला. मग दादांना आपण दुखवट्यास आलो आहोत असे म्हणणे भाग पडले. फौजेचा भार तुकोजी होळकरांवर सोपवून मुलकी कारभार बाईंनी स्वतःकडे ठेवला.

राजधानी त्यांनी नर्मदेकाठी महेश्वरास नेली. पूर्वी नोकरीनिमित्त माळव्यात असताना आम्ही तो वाडा पाहिला आहे. राजवाडा म्हणून जे पाहण्याच्या अपेक्षेने माणूस तेथे जातो, ते तेथे नाही. लाकडी खांबांचे, देशावरच्या एखाद्या सधन पाटलाला शोभेल असे ते घर, आणि बसण्याची साधी बैठक. पांढरे वस्त्र नेसून बाई तेथे रोज रयतेची गाऱ्हाणी ऐकत. विणकरांना बोलावून त्यांनी या गावात वसविले. तेथील माग आजही चालतात. काशी विश्वेश्वर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर येथील बांधकामे तर प्रसिद्धच आहेत.

मुक्तेच्या लग्नाची हकीकत आम्हांस सर्वांत बोलकी वाटते. मुलुखात लुटारूंचा फार उपद्रव झाला, तेव्हा जो त्यांचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन असे बाईंनी जाहीर केले, असे म्हणतात. यशवंतराव फणसे या साध्या तरुणाने ते काम केले आणि तो होळकरांचा जावई झाला. सुनेचे कूळ न पाहता गुण पाहणाऱ्या सासऱ्याचा धडा सुनेने असा गिरविला.

परंतु त्याच सासऱ्याचा दुसरा धडा तिला गिरविता आला नाही. १७९० मध्ये नातू नथ्याबा वारला, १७९१ मध्ये यशवंतराव वारले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. आईने हरप्रकारे विनविले. मुलगी ऐकेना. मल्हाररावांना ऐकणारी सून मिळाली होती. अहिल्याबाईंना ते सुख लाभले नाही. चिता विझल्यावर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात गेल्या, तीन दिवस त्यांनी धड अन्न घेतले नाही की कोणाशी शब्द बोलल्या नाहीत, असे माल्कमसाहेबांनी आपल्या माळव्याच्या इतिहासात नमूद केले आहे. नंतर त्यांनी लेक-जावयाची छत्री बांधावयास घेतली आणि पुन्हा बैठकीवर येऊन कागद पाहू लागल्या. असा कारभार आणखी सुमारे चार वर्षे चालला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचा देह पडला, आणि दौलत तुकोजींकडे गेली.