पंडिता रमाबाई व शिकविण्याचा अधिकार

ख्रिस्ती मंडळीत स्त्रियांनी बोलावे काय, पुरुषांस शिकवावे काय, हा वाद फार जुना आहे. एक पक्ष प्रेषित पौलाने करिंथकरांस व तीमथ्यास लिहिलेल्या पत्रांतील निर्बंधावर बोट ठेवितो. दुसरा पक्ष, विद्वान अपुल्लोसास प्रिस्किल्लेने पतीसह देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, याचे स्मरण देतो. हाच प्रश्न पंडिता रमाबाईंपुढे कसा उभा राहिला, हे आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने कन्येस. दुष्काळात आईबाप गेले. बहीणभाऊ पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी बाईंची विद्वत्ता पाहून त्यांस ‘पंडिता’ ही पदवी दिली. त्यांची व्याख्याने ऐकावयास स्त्रिया येत तसे पुरुषही येत.

१८८३ साली बाई विलायतेस गेल्या व तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या स्वतः शिकत व संस्कृतही शिकवीत. तेथे त्यांनी तरुण पुरुषांस हिंदी भाषा शिकवाव्या, अशी सूचना १८८५ साली निघाली. मुंबई व लाहोर येथील बिशपसाहेबांनी तिला हरकत घेतली. अशाने स्वदेशात बाईंचे वजन कमी होईल व पुढील कार्यास बाध येईल, असे त्यांस वाटे. बाईंस याचे मोठे नवल वाटले. आपल्या आईने व आपण तरुणांस शिकविले असता वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नाही. मग इंग्रज लोकांनी ती का घ्यावी, असे त्यांनी लिहून कळविले. बिशपांचा हेतु वाईट नव्हता. परंतु ज्या देशाच्या नावाने ते बोलत होते, तो देश बाई त्यांच्याहून अधिक ओळखीत होत्या.

वडीलधाऱ्यांशी मतभेद झाला म्हणून बाईंनी प्रभूस सोडिले नाही, आणि आपली वाणीही आवरिली नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढिले. पुढे केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. १९०५ च्या सुमारास तेथील मुली टोळ्याटोळ्यांनी आसपासच्या गावी सुवार्ता सांगावयास जाऊ लागल्या. बाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरविले. त्याचे खिळे जुळविण्याचे कामही मुक्तिसदनाच्या छापखान्यात स्त्रियांनीच केले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

आमच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी दाखवितात. वेदान्ताचे ज्ञान त्यांनी सामान्यांच्या मराठीत आणिले, म्हणून त्यांस आपण मान देतो. रमाबाईंचे कार्यही त्याच जातीचे होय. आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांस पाळकपणाची दीक्षा मिळते; कित्येक मंडळ्यांत मात्र वाद अद्याप मिटलेला नाही. तथापि बाईंचे भाषांतर जो पुरुष उघडून वाचितो, तो एका स्त्रीपासूनच शिकत असतो. विद्यार्थिनींनी हे ध्यानी धरावे, आणि त्यांच्या वडिलांनीही.