आधी शेत, मग ओढा

महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र आपण बहुधा शिक्षण आणि समाजसुधारणा या दोनच वाटांनी वाचतो. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला, हे विद्यार्थ्यांस मुखोद्गत असते. परंतु १८२७ साली माळ्याच्या घरात जन्मलेला हा पुरुष मातीपाण्याचाही जाणकार होता, हे मात्र आपल्या ध्यानी राहिलेले नाही.

जोतीरावांची पुण्याजवळ मांजरीस शेती होती. १८७० नंतरच्या काळात त्यांनी जवळच्याच धरणाच्या कामास बांधकामाचे साहित्य पुरविण्याचा ठेका घेतला होता. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. या अनुभवानंतर, १८८३ साली, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. डोंगरउतारावरचा पालापाचोळा व मातीतले सत्त्व वळवाच्या पावसाबरोबर ओढ्यांत वाहून जाते, हे त्यांनी त्यात दाखविले. सरकारने लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून ठिकठिकाणी ताली व बंधारे घालावेत, म्हणजे पाणी आधी शेतांत मुरेल आणि मगच नदीनाल्यास मिळेल, असा उपाय त्यांनी सुचविला. नदीनाल्यांतील गाळही शेतकऱ्यास मिळावा, अशी त्यांची मागणी होती.

या विचारामागील मर्म आजचे शास्त्रही मानते. उताराच्या दिशेने नांगरलेल्या रानात प्रत्येक तास पाण्याची वाट बनतो. ओढ्यास घटकाभर पूर येतो आणि तो लवकरच कोरडा पडतो. नांगरट उतारास आडवी असली, बांध शाबूत असले, तर पाण्याचा वेग मोडतो. मुरलेल्या पाण्यातील काही वाटा पिके घेतात, त्यामुळे ओढ्याचे एकूण पाणी काहीसे घटूही शकते. परंतु उरलेले झऱ्यांवाटे सावकाश पाझरते आणि प्रवाह अधिक काळ टिकतो.

आज मात्र पुष्कळ गावी यंत्रे लावून ओढे खोल केले जातात आणि माथ्यावरची शेते तशीच धुपत राहतात. ओढ्याचे खोदकाम चटकन नजरेत भरते, बांधबंदिस्तीस वर्षे लागतात. म्हणून हा उलटा क्रम सोयीचा वाटतो. त्याची किंमत वरच्या अंगाचा लहान शेतकरी आपल्या मातीने चुकवितो आणि खालचा ओढा पुन्हा गाळाने भरतो.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे देहावसान झाले. दर वर्षी त्यांच्या प्रतिमेस हार घालणाऱ्या शासनाने आणि समाजाने आधी शेत व मग ओढा हा त्यांचा क्रमही पाळावा, इतकीच अपेक्षा आहे.