बिनतिकीट प्रोफेसर

क्विझ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते फेस्टमधलं स्टेज, टेबलावरचे बझर, मागच्या रांगेतून होणारं प्रॉम्प्टिंग आणि शेवटी अर्ध्या मार्कावरून पेटलेलं भांडण. खरं म्हणजे मैत्रीतल्या क्विझचे नियम कुठल्या बोर्डावर लिहिलेले नसतात. दुसऱ्या टीमची पाळी असेल तर उत्तर माहीत असूनही ओठ हलवायचे नाहीत, टेबलाखाली मोबाइल उघडायचा नाही, आणि प्रश्न आधीच कुठून तरी कळला असेल तर तसं सांगून तो सोडून द्यायचा. बक्षीस काय, तर एक सर्टिफिकेट आणि कँटीनची कूपन्स. तरी हे नियम पाळले तरच मजा, नाहीतर तो नुसता पाठांतराचा तास.

प्रश्नोत्तरांच्या अशाच एका खेळाने एका माणसाला आख्ख्या ब्रिटनचा लाडका बनवलं आणि त्याच माणसाला एका रेल्वे तिकिटाने धुळीला मिळवलं. त्यांचं नाव सिरिल एडविन मिचिन्सन जोड. (जोडाक्षरातलं जोड नव्हे हं, यातला ज हा जॉनमधला!)

जोड यांचा जन्म १२ ऑगस्ट १८९१ रोजी इंग्लंडमधील डरहॅम येथे झाला. आईवडिलांचं हे एकुलतं एक अपत्य. वडील शाळा तपासनीस झाले आणि कुटुंब साउदॅम्प्टनला गेलं. लहानग्या सिरिलला वयाच्या पाचव्या वर्षीच बोर्डिंग स्कूलमध्ये घातलं. आपण अठराव्या वर्षी हॉस्टेलला आलो तर पहिल्या रात्री रडू येतं, मग पाच वर्षांच्या पोराचं काय झालं असेल! पुढे शाळा संपवून १९१० मध्ये ते ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात गेले. तिथे फर्स्ट क्लास आणि तत्त्वज्ञानाची मानाची स्कॉलरशिप मिळवून १९१४ मध्ये बाहेर पडले आणि सरळ सरकारी नोकरीत चिकटले. ती नोकरी त्यांनी थेट १९३० पर्यंत केली.

पण नोकरी करत असतानाही डोकं सतत दुसरीकडे चालू होतं. तत्त्वज्ञान हा विषय साध्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगायचा ध्यास त्यांनी घेतला आणि पुस्तकांचा सपाटा लावला. १९३० मध्ये ते लंडन विद्यापीठाच्या बर्कबेक कॉलेजात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले. बर्कबेक म्हणजे दिवसभर नोकरी करून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या लोकांचं कॉलेज. दमून आलेल्या माणसाला झोपू न देता प्लेटो शिकवायचा, ही काही सोपी गोष्ट नाही. शेवटच्या लेक्चरला बसणाऱ्या प्रत्येकाला हे पटेल!

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या तत्त्वज्ञानावर त्यांनी १९३३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. तेव्हा राधाकृष्णन राष्ट्रपती होण्याला जवळजवळ तीस वर्षं अवकाश होता. १९३६ मध्ये भारतीय संस्कृतीच्या इतिहासावरही त्यांचं पुस्तक आलं.

माणूस हौशी आणि थोडा वल्ली होता. १९३२ साली भुताखेतांचा शोध घेणारे हॅरी प्राइस यांच्याबरोबर ते जर्मनीतल्या ब्रोकेन नावाच्या डोंगरावर गेले. कशाला? तर जुन्या पोथीत दिल्याप्रमाणे मंत्र म्हणून बोकडाचा देखणा तरुण होतो का, ते पाहायला! प्रयोग रीतसर पार पडला. बोकड बोकडच राहिला. त्यानंतरच्या वर्षी, ९ फेब्रुवारी १९३३ ला, ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या डिबेटमध्ये, राजा आणि देशासाठी कुठल्याही परिस्थितीत लढणार नाही, या ठरावाच्या बाजूने ते बोलले. ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी पास झाला आणि देशभर गहजब झाला. जोड कट्टर युद्धविरोधी होते. पुढे हिटलरने फ्रान्स गिळल्यावर मात्र त्यांनी आपलं मत बदललं आणि तसं उघडपणे सांगितलं.

आता मुख्य गोष्ट. १ जानेवारी १९४१ रोजी, लंडनवर बाँब पडत असताना, बीबीसी रेडिओवर एक नवा कार्यक्रम सुरू झाला. तोच पुढे ब्रेन्स ट्रस्ट या नावाने गाजला. निर्माते होते हॉवर्ड थॉमस. कल्पना अगदी साधी. श्रोत्यांनी पत्राने प्रश्न पाठवायचे, डोनाल्ड मॅकलो यांनी ते वाचायचे आणि समोर बसलेल्या मंडळींनी तिथल्या तिथे उत्तरं द्यायची. सुरुवातीची तीन मंडळी म्हणजे शास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले, सात समुद्र हिंडलेले कमांडर कॅम्पबेल आणि आपले जोड.

या खेळाचा एकच कडक नियम होता. प्रश्न आधी कोणालाही दाखवायचे नाहीत. ना कागद, ना तयारी. युद्धाच्या काळात रेडिओवर जाणारा शब्द न् शब्द आधी लिहून तपासला जाई, त्या काळात ही केवढी मोठी सूट होती! लोकांना मजा वाटायची ती यातच. एवढी हुशार माणसं अडखळतात, एकमेकांशी भांडतात, कधी कधी चक्क माहीत नाही म्हणतात, हे घरात बसून ऐकायला मिळत होतं. प्रश्न तरी किती तऱ्हेचे! माशी छतावर उलटी उतरते ती कोलांटी मारून की कुशीवर वळून, यावर बरीच डोकेफोड झाली. कमांडरसाहेबांनी तर मुरंबा खाल्ला की ज्याच्या डोक्यातून वाफ निघते अशा माणसाची गोष्ट सांगितली आणि देश हसून लोळला. श्रोत्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. दर आठवड्याला हजारो पत्रं येऊ लागली.

या सगळ्यात जोड यांची स्टाइल वेगळी. बारीक चिरका आवाज, आणि प्रश्न कुठलाही असो, त्यातल्या शब्दाचा नेमका अर्थ काय धरायचा, त्यावर उत्तर अवलंबून आहे, अशी सुरुवात. नक्कल करणाऱ्यांना आयतंच खाद्य मिळालं. पण यात नुसती लकब नव्हती. प्रश्न नीट समजून घेतल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हा प्रामाणिकपणाच आहे. व्हायवाला आपण नेमकं उलटं करतो! सगळे त्यांना प्रोफेसर म्हणू लागले. खरं तर ते हुद्द्याने प्रोफेसर कधीच नव्हते. लोक म्हणत राहिले आणि त्यांना ते आवडत राहिलं.

सात वर्षं जोड हा खेळ खेळले. हा माणूस कागद न बघता, मनापासून बोलतो, हा विश्वास हीच त्यांची सगळी कमाई होती.

आणि एक सवय होती. ते रेल्वेने विदाऊट जायचे. पैसे नव्हते म्हणून नाही. पुस्तकं धडाधड खपत होती. पण कंपनीला चुकवणं हा त्यांना एक खेळ वाटत होता. शक्य तेव्हा आपण रेल्वे कंपनीला फसवतो, अशी फुशारकी त्यांनी छापूनसुद्धा मारली होती. नीतिशास्त्रावर जाडजूड पुस्तक लिहिणारा हा माणूस!

शेवटी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून एक्सेटरला जाणाऱ्या गाडीत ते योग्य तिकिटाशिवाय सापडले. एप्रिल १९४८ मध्ये कोर्टाने दोषी ठरवून २ पौंड दंड आणि खर्चापोटी २५ गिनी भरायला लावले. म्हणजे सगळे मिळून तीस पौंडसुद्धा नाहीत. पण दुसऱ्या दिवशी देशभरच्या पेपरांत पहिल्या पानावर हीच बातमी. बीबीसीने त्यांना ब्रेन्स ट्रस्टमधून काढून टाकलं. हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा मिळेल अशी आशा होती, ती कायमची संपली. त्यातला आणखी एक विरोधाभास असा की ज्या कंपन्यांना फसवण्याची फुशारकी मारली, त्या तेव्हा उरल्याच नव्हत्या. १ जानेवारी १९४८ पासून ब्रिटनची रेल्वे सरकारी, म्हणजे जनतेची झाली होती. म्हणजे खटला झाला तेव्हा त्या गाडीचे मालक त्यांचेच श्रोते होते.

शिक्षा जास्त झाली का? माझ्या मते झाली. पेपरवाल्यांनी हात धुऊन घेतले, आणि मोठमोठे घोटाळे पचवणारे लोक त्याच गावात सुखाने राहत होते. पण श्रोत्यांना राग का आला तेही समजतं. त्यांनी या माणसाला हुशारीसाठी डोक्यावर घेतलं होतं, तसंच सचोटीसाठीही.

त्यानंतर तब्येतही बिघडली. जोड अंथरुणाला खिळले. आयुष्यभर देवधर्माची टिंगल केलेला हा माणूस शेवटी पुन्हा चर्चकडे वळला, आणि आपला हा प्रवास त्यांनी १९५२ च्या एका पुस्तकात मांडला. ९ एप्रिल १९५३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या घरी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय ६१.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त खटकतं ते हे की दोन्ही ठिकाणी माणूस एकच होता. ब्रेन्स ट्रस्टच्या टेबलावर त्यांनी चीटिंग केली असं कोणी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. मग रेल्वेतच का? मला वाटतं, टेबलापलीकडे हक्सले बसले होते, कॅम्पबेल बसले होते. ओळखीच्या चेहऱ्याला फसवणं जड जातं. रेल्वेला चेहरा नसतो. आपलंही तसंच आहे. मित्राचे पाच रुपये आपण आठवणीने परत करतो, पण लायब्ररीच्या पुस्तकातलं पान फाडताना, मेसच्या वहीत गेस्टची एंट्री गाळताना हात थरथरत नाही. क्विझमध्ये मोबाइल बघणाऱ्यालाही वाटतं की आपण सिस्टिमला गंडवलं. खरं तर त्याने गंडवलेलं असतं शेजारच्या टेबलावर बसून डोकं खाजवणाऱ्या पोराला, ज्याला ते उत्तर दोन सेकंदांनी सुचणारच होतं.

जोड यांच्या पद्धतीनेच विचारायचं तर आधी शब्दाचा अर्थ ठरवू या. हुशारी म्हणजे नेमकं काय? न पकडलं जाणं, एवढाच अर्थ धरला तर जोड १९४८ पर्यंत फार हुशार होते.

पुढच्या सेमिस्टरच्या क्विझला भेटूच. प्रश्न आधी कळला असेल तर हात वर करून सांगा, टाळ्या आम्ही वाजवू. आणि सुट्टीला घरी जाताना खिडकीवर कितीही मोठी लाइन असली तरी तिकीट काढा.