पास्कल भेटला ब्रेकच्या पेडलखाली

पास्कल म्हटलं की आपल्याला प्रेशरचं युनिट आठवतं, आणि पाठोपाठ व्हायव्हाचं टेन्शन. हा माणूस फक्त एकोणचाळीस वर्षं जगला आणि त्यातली बरीचशी दुखण्यात गेली, हे मात्र कोणी सांगत नाही.

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ चा, फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावातला. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी त्याला शाळेत न घालता घरीच शिकवलं (लकी!). पुढे वडिलांना रुआँ शहरात करवसुलीचं काम मिळालं. त्यांच्या न संपणाऱ्या बेरजा बघून या मुलाने १६४२ मध्ये, म्हणजे आपल्या सेकंड इयरच्या वयात, दातेरी चाकांचं बेरजेचं यंत्र बनवायला घेतलं.

मग तो हवेच्या मागे लागला. तब्येत नाजूक, म्हणून डोंगर चढायचं काम बहिणीच्या नवऱ्याकडे दिलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी तो प्वी द दोम डोंगरावर नळी आणि पारा घेऊन गेला. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा तीन इंचांहून जास्त खाली उतरला. हवेला वजन आहे याचा हा दणदणीत पुरावा होता.

हवेनंतर द्रव. बंद भांड्यातल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. एक दट्ट्या दुसऱ्याच्या शंभरपट मोठा असेल, तर लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्यावरच्या शंभरांना तोलून धरेल, हे त्याने मांडलं. १९२१ च्या ड्युसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले ते याच हिशेबावर.

हे सगळं मला पाठ होतं. पटलं ते आमच्या लॅबमधल्या जुन्या गाडीमुळे. तिचं पेडल दाबलं की ताजा पाव दाबल्यासारखं वाटायचं. लॅबच्या मामांनी मला सीटवर बसवून भराभर पंप मारायला लावलं. पेडल वर आलं, जरा कडक झालं. मग पाय दाबून धरला, तरी ते खाली सरकत गेलं नाही. मामा म्हणाले, मास्टर सिलेंडर ठीक आहे, लाइनीत हवा शिरलीय. मागच्या डाव्या चाकापाशी ओलावा सापडला. तिथलं व्हील सिलेंडरचं रबर बदललं आणि मग एअर काढायला घेतली. ब्लीडर निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलेलं. मी पंप मारून पेडल धरायचं, मामांनी निपल सैल करायचं, बुडबुडे आले की आवळायचं, आणि त्यानंतरच मी पाय सोडायचा. आधी सोडला की हवा परत आत! मधूनमधून टाकीत ब्रेक ऑइल भरायचं. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकं केली. पेडल दगडासारखं झालं.

ऑइल जवळजवळ दबत नाही, हवा दबते. पायाची सगळी मेहनत तो बुडबुडा चेपण्यातच जाते, चाकापर्यंत पुरेसा दाब बनतच नाही. पास्कलने आयुष्यभर अभ्यासलेले दोन विषय त्या नळीत एकमेकांशी भांडत होते म्हणा ना.

१६५४ नंतर तो देवाधर्माकडे वळला. तरी डोकं स्वस्थ नव्हतं. १८ मार्च १६६२ रोजी त्याच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये घोडागाड्यांची बससेवा सुरू झाली. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, भाडं पाच सू. त्यातल्या पैशातून गरिबांना मदत करायची त्याची इच्छा होती. पाच महिन्यांनी, १९ ऑगस्टला, तो गेला. द्रवांवरचं त्याचं पुस्तक छापून आलं त्याच्या पुढच्या वर्षी.